मी पकडलेली चोरी

गोंदियात मराठी शिकवणाऱ्या माणसाला थोडी घमेंड असतेच, आणि मला ती जास्त होती. वर्गातली अर्धी मुलं "सर, कल दिखाता हूं" म्हणणारी, चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सगळा कारभार हिंदीत, आणि त्यात आपण एकटेच मराठीचे राखणदार, असं मी मनातल्या मनात मानून चालायचो. त्यामुळे दोन हजार तेरा-चौदाच्या सुमारास, हातात नवे फोन आल्यावर, देवरीच्या शाळेतल्या आम्ही सहा मित्रांनी मोबाइलवर ग्रुप काढला, तेव्हा त्यात फक्त कोट्या चालतील हा कायदा मीच केला.

खेळ सोपा होता. सकाळी एकाने शब्द टाकायचा आणि बाकीच्यांनी दिवेलागणीच्या आत त्यावर कोटी करायची. फुलांचे फोटो नाहीत, देवाचे फोटो नाहीत. दुसरीकडची कोटी कोणी आपली म्हणून खपवली आणि ती सापडली, तर पकडणाऱ्याने 'चोरी पकडली' असं लिहून पुराव्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. चोराने आठ दिवस स्वतःच्या फोटोच्या जागी गाढव लावायचं. बिरसीचा आमचा मित्र कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा विनोद टाकून असा गाढव झाला होता. त्याला मीच पकडलं होतं, आणि त्या कॅलेंडरचा फोटो काढताना मला जो आनंद झाला तो पहिल्या पगाराच्या वेळीही झाला नव्हता.

या ग्रुपचा उस्ताद मात्र मी नव्हतो. उस्ताद होता चिचगडचा मित्र. शाळेत हा मराठीत काठावर पास व्हायचा. पुढे त्याने घरची धानाची शेती सांभाळली, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. बोलायला बसला तर दहा मिनिटांत दोन वाक्यं. पण फोनवर त्याचं काय व्हायचं कोण जाणे.

एकदा शब्द होता 'मान'. बिरसीला विमान उडवायला शिकवतात, म्हणून तिथल्या मित्राने लिहिलं, 'दिवसभर डोक्यावरून विमान, म्हणून आमच्याच गावाची मान वर.' बरं जमलं होतं. मी 'हवामान' धरून काहीतरी ओढूनताणून केलं. तासाभराने चिचगडहून आलं, 'लग्नात मान नवऱ्याकडच्यांना. नवरीकडे फक्त खाली घालायची मान.' वाचलं आणि मी फळ्यासमोर खडू धरून नुसता उभा राहिलो. वर्गातल्या पोरांना वाटलं, सरांना चक्कर आली.

असं रोज चालायचं. वीज जायला लागली तेव्हा शब्द आला 'भारनियमन', त्यावर चिचगडचं उत्तर, 'भार आमच्यावर, नियमन त्यांचं.' पोळ्याच्या दिवशी, 'पोळा वर्षातून एकदा. पोळणं रोजचं.' दिवाळीनंतर, 'धान विकून झालं. घरात उरलं ते ध्यान.' हा पठ्ठ्या स्वतःलाच ध्यान म्हणतोय, किती मोकळा माणूस, म्हणून आम्ही खूश. एकाने लिहिलं, 'खरं ध्यान चुलीपाशी बसलं असेल, त्याचाही फोटो टाक!' त्यावर मी शाबासकीचा अंगठा टाकला होता. चिचगडहून नुसतं हसरं तोंड आलं.

खरं सांगतो, मी जळत होतो. पंधरा वर्षं समास आणि अलंकार शिकवलेला माणूस मी, आणि हा बांधावरून येऊन मला रोज चीत करतो. नक्कीच कुठलंतरी जुनं पुस्तक हाती लागलंय याच्या, अशी माझी खात्री झाली. दोन रविवार वाचनालयात घालवून मी विनोदाची पुस्तकं चाळली. काही सापडलं नाही. वर्षातून एकदा आम्ही देवरीला ढाब्यावर जेवायला जमायचो, तिथे हा शुंभासारखा बसायचा. "एक कोटी होऊ दे उस्ताद," म्हटलं तर म्हणायचा, "समोर बसून नाही येत न बे." आम्ही त्यालाही टाळ्या दिल्या. एका वर्षी तर झेंडूचा हार घातला.

मग तो मार्च महिना आला. परीक्षेच्या कामासाठी मी देवरीला होतो. सकाळी निघण्याआधी ग्रुपवर शब्द टाकला होता, 'वाट'. काम दुपारीच आटोपलं, तेव्हा न कळवता गाडी चिचगडकडे वळवली. मित्र अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होता. मला पाहून मनापासून हसला, खाटेवरच सरकून जागा दिली, आणि पुन्हा दोरी धरली. दोन्ही हात त्यात गुंतलेले. पायाच्या अंगठ्यात दोरीचं टोक.

आणि माझ्या खिशातला फोन वाजला. चिचगडची कोटी आली होती. त्याच्याच नावाने, त्याच्याच नंबरवरून. 'सगळ्यांना फुटल्या वाटा. माझ्या वाट्याला वाटण.'

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं. मी उठलो आणि दाराशी गेलो. आत त्याची बायको पाट्याशी बसली होती. पाट्यावर अर्धवट वाटलेली मिरची आणि लसूण. एका हाताची बोटं पदराला पुसून तिने फोन धरला होता आणि ती एकटीच हसत होती. कोणी दाद दिली ते बघत असावी. मला तिने पाहिलं नाही.

दोन वर्षं ज्या माणसावर मी जळलो, तो माणूस ही होती. त्या घटकेला मला काय वाटायला हवं होतं हे आज कळतं. तेव्हा मला फक्त जिंकल्याचा आनंद झाला. सापडला चोर! मी फोन वर केला, फोटो काढला, पाटा, ती, हातातला फोन, सगळं नीट येईल असा, आणि तिथेच उंबऱ्यावर उभ्याउभ्या लिहिलं, 'चोरी पकडली.' आणि पाठवून दिलं. कायदाच होता आमचा तसा.

"काय करून राहिला बे तिथं?" मित्राने विचारलं. मी हसत हसत त्याला फोन दाखवला. तो लाजेल, शिवी देईल, मग दोघं मिळून हसू, असं मला वाटलं होतं. त्याच्या हातातली दोरी सुटली आणि सगळा पीळ उलगडला.

"काऊन टाकलं बे हे?" तो म्हणाला. "मले कुठं जमते ते कोट्याचं? मीच देल्ला तिले फोन. तुम्ही वा वा करत होते, मले बरं वाटे." मग आवाज आणखी खाली गेला. "बाईचा फोटो आहे न बे तो. घरातल्या बाईचा."

तोवर ती पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं. गडवा माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मित्र तिच्या मागे गेला, फोन घेऊन आला आणि सदऱ्याच्या खिशात घालून त्याने वरचं बटण लावलं. मी ते पाणी प्यायलो. का प्यायलो कोण जाणे.

ग्रुपवर आधी हसणारी तोंडं आली. मग बिरसीच्या मित्राने विचारलं, 'म्हणजे दोन वर्षं वहिनी हे सगळं वाचून राहिली होती?' मी देवरीच्या रस्त्याला गाडी उभी केली आणि मागचं सगळं वर वर सरकवत वाचत गेलो. आपापल्या बायकांबद्दल आम्ही काय काय लिहिलं होतं! थट्टा म्हणून लिहिलेलं, पण बाईने वाचलं की ते तसं राहत नाही. चुलीपाशी बसलेल्या ध्यानाचा फोटो मागितला होता, तो अखेर मी टाकला. एकटीने बसून, मिरची वाटता वाटता, ती हे रोज वाचत होती, त्याला उत्तरं देत होती, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली देत होती.

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, वहिनींना राहू द्या, त्याच तर उस्ताद. मी वाट पाहिली. दिवेलागणीच्या आत नवा ग्रुप निघाला, चिचगडला वगळून पाच जणांचा. 'बाईमाणसासमोर मोकळं बोलता येत नाही,' एवढंच कारण. आणि मी त्यावर काय लिहिलं? 'ठीक आहे.' वहिनींना राहू द्या, हे इतर कोणी म्हणावं म्हणून मी थांबलो होतो, आणि इतर सगळे बहुधा माझ्यासाठी थांबले असतील. कायदा माझा होता ना.

नवा ग्रुप पंधरा दिवस चालला. पुढे त्यावर फुलांचे फोटो यायला लागले, मग देवाचे. मीही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवू लागलो.

पावसाळा सरल्यावर देवरीच्या आठवडी बाजारात ती दिसली. मित्र दूर कुठेतरी गाडी लावत होता. ती पिशवी घेऊन वांगी निवडत होती. मला टाळता आलं असतं, पण पाय तिकडेच वळले. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी चुकलं माझं. फोटो टाकायला नको होता."

तिने हातातलं वांगं खाली ठेवलं. रागावलेली वाटली नाही. खूप दिवस मनात धरलेली गोष्ट बोलावी तशी शांतपणे बोलली.

"फोटोचं राहू द्या भाऊजी. तुम्ही चोरी म्हणून लिहिलं. दोन वर्षांत एक शब्द मी कोणाचा उचलला नाही. सगळं माझ्या डोस्क्यातलं होतं. मग मी कोणाचं काय चोरलं होतं जी?"

चोरलं होतं आम्ही. तिच्या नवऱ्याने तिच्या वाटणीचा हार गळ्यात घालून घेतला, आणि मी तिचा तो पाट्यापाशी हसण्याचा वेळच उचलून नेला, पुराव्यासकट. हे सगळं मला तिथेच कळलं. वाक्यसुद्धा जुळलं होतं, ओठांवर होतं. तेवढ्यात मित्र गर्दीतून येताना दिसला.

"ऊन फार आहे वहिनी," मी म्हणालो, "निघतो मी."