टिंब लावलेली गावं

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की आजही माझं डोकं भणाणतं. नात म्हणते, "आजी, बीपीची गोळी घेतलीस का?" गोळीनं जाणारा राग नाय हा. तेव्हा मी तो पडद्यावर काढला, शेजारच्या टेबलावर काढला, सगळ्यांवर काढला. ज्या बाईवर काढायला हवा होता ती नवी साडी नेसून, चष्मा नाकावर ओढून, स्वतःला मोठी इंजिनिअर समजत टेबलाशी बसली होती. ती बाई म्हणजे मीच.

दुष्काळाची वर्षं होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि मी तिथल्या एका सरकारी कचेरीत टँकरच्या टेबलावर होते. समोर सात मजल्यांची इमारत उठत होती. तिच्या फाटकावर पोहण्याच्या तलावाचं निळंशार चित्र होतं. खासगी टँकर तिथं सकाळ-दुपार आत जायचे. त्यांना ना ठराव लागायचा, ना पंचनामा. खेड्यातल्या माणसाला मात्र विहीर कोरडी आहे हे चार कागदांवर सिद्ध करावं लागे, मग कुठं घोटभर पाणी.

प्रत्येक गावाची एक फाईल माझ्या कॉम्प्युटरात असायची. मशीन इतकं जुनं, की त्याला चित्रंबित्रं झेपत नसत. बाहेरून आलेल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं त्यात लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली घातली आणि टर्मिनलमधला, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणारा, फाईल मॅनेजर दिला. डावीकडं कप्पे, उजवीकडं फाईली, माउस नाही, सगळा कारभार बटणांवर. मराठी अक्षरांच्या काना-मात्रा त्यात विस्कटायच्या म्हणून गावांची नावं इंग्रजी अक्षरांत. मी त्या खेळण्यावर भाळलेच. सेटिंगची फाईल उघडून मी कप्प्यांना हळदीचा रंग दिला, हवी ती बटणं हव्या त्या कामाला लावली. विचारलं नसलं तरी सगळ्यांना दाखवत फिरले.

शेजारच्या टेबलावर चाचा. सिल्लोडचे, रिटायर व्हायला आलेले. त्यांची जाड नोंदवही आणि लाल पेन. गावाचे कागद पुरे झाले की नावाच्या आधी एक लाल टिंब. टिंब नाही तर टँकर नाही, ही कचेरीची जुनी रीत.

एका शनिवारी मी ती रीत कॉम्प्युटरात आणली. कागद पुरे असलेल्या प्रत्येक फाईलीच्या नावाआधी टिंब, म्हणजे इंग्रजी फुलस्टॉप, टाकलं. सगळी टिंबवाली गावं आपोआप वर येऊन रांगेत बसली. मी खूश. मग माझ्या मुख्य कप्प्यात गेले तर तिथं टिंबानं सुरू होणाऱ्या, मी कधीच न केलेल्या फाईलींचा ढीग. हा कुणाचा उकिरडा? मदतीची पानं चाळली, सेटिंगमध्ये एक ओळ बदलली, ढीग नाहीसा. अंगण झाडल्याच्या समाधानानं घरी गेले.

सोमवारी पडदा उघडला तर कागद अपुरे असलेली तेवढी गावं शिल्लक. पुरी असलेली सगळी गायब.

दुपारी तीनच्या आत त्या फाईली शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वरिष्ठ कचेरीत पोचल्या तरच उद्याच्या खेपा लागणार होत्या. नुसता कागद तिथं चालत नव्हता. आणि व्हरांड्यात पाचोडकडच्या एका धनगरवस्तीवरची बाई बसली होती, जवळ रिकामा कॅन. तिसरा हेलपाटा तिचा. तिच्या वस्तीची फाईल गायब झालेल्यांतच.

मी चाचांवरच घसरले. "शनिवारी माझ्यानंतर तुम्हीच होतात. काय दाबलंत?"

"बाई, वो डब्बे कू मैं हात बी नै लगाता."

"मग काय पालीनं खाल्ल्या?"

"तुम्हीच त्याला हळद लावली. देव कोपला असंल."

अक्षरं काळ्यावर काळी झाली असतील म्हणून मी रंग बदलले. मॅनेजर बंद केला, उघडला. मशीनचा प्लग उपटला, पुन्हा खोचला. दीड वाजला. शेवटी चाचांच्या वहीतून त्या वस्तीची फाईल नव्यानं टाईप करायला घेतली, टिंबासकट नाव दिलं. मशीन म्हणालं, या नावाची फाईल आधीच आहे.

"आहे तर दाखव की, मुडद्या!" मी ओरडले.

चाचांनी वही मिटली. "बाई, वो बोलरा है के है. है तो छुपाया कौन?"

मला शनिवारची ती एक ओळ आठवली. सेटिंगची फाईल उघडली. लिनक्समध्ये नावाआधी टिंब म्हणजे लपवायची फाईल. मशीन स्वतःचं सामान तसंच ठेवतं. अशा फाईली दाखवू नयेत, हे शनिवारी मीच लिहिलं होतं. त्या ओळीवर माझ्याच हातचा शेरा होता: कचरा दिसू नये.

ओळ बदलली. सगळी गावं टिंबासकट परत उभी राहिली. पेन ड्राइव्ह घेऊन रिक्षात बसले, गर्दीत अडकले, सव्वातीनला पोचले. तिथला बाबू म्हणाला, "तीन म्हणजे तीन. आता गुरुवारची खेप." मी भांडले, टेबलावर हात आपटला. तो शेंगदाणे खात राहिला.

परत आले तर ती बाई उठून उभी. "उद्या येतो ना टँकर?"

"गुरुवारी."

"का बरं?"

मी टिंबाचं सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कागद पुरं झालं म्हून आमी दिसलो नाय? अपुरं असतो तर दिसलो असतो?"

"व्हय," मी म्हणाले.

ती कॅन उचलायला वाकली, पण चाचांनी तो आधीच कचेरीतल्या पाण्याच्या जारखाली धरला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"जार तिरका धरा, बाई. बातां बाद में."

मी धरला. शेवटचं पाणी गुडगुडत कॅनमध्ये उतरलं.

"आणि साहेबांच्या चहाला?" मी विचारलं.

"साहब कू बोलो," चाचा म्हणाले, "गुरुवार कू मिलेगा."