रायफलीच्या नव्या नळीचं बजेट

चहा ओतलाय, आता ऐका. ही माझ्या गाढवपणाची गोष्ट हाय. हसायचं असंल तर शेवटाला हसा. मधी कुणी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

आमची जमीन इनामगावाकडं, घोडनदीच्या काठाला. भुईमूग असा यायचा की उपटताना कंबर धरायची. तो रानडुकरांनाबी तेवढाच आवडायचा. माझा थोरला भाऊ पलटणीतनं पेन्शनीत आलेला, त्याची एक रायफल होती. तो गेला आन् परवान्यासकट ती माझ्या गळ्यात पडली. भावाचा नेम कधी चुकला न्हाई. माझ्याकडं आली आन् दरसाल तिचा नेम खाली खाली जायला लागला. डुकराच्या खांद्यावर धरावी तर गोळी त्याच्या पुढ्यात, मातीत. एकदा तर तिनं माझाच भुईमुगाचा येल उपटला. डुकरानं तो उभ्या उभ्या खाल्ला. पेरणी माझी, काढणी रायफलीची आन् जेवण त्याचं.

मी ठरवून टाकलं, नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे झिजले. नवी नळी बसवायची. शिरूरच्या पेठेत दस्तगीरभाई बंदुका दुरुस्त करायचे. त्यांना इचारलं तर त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. अख्ख्या बैलाच्या किमतीचा.

पैसं न्हवतं असं न्हाई. पर ते बैलाचं होतं! डावा बैल म्हातारा झालेला, आन् आमच्या कारभारणीनं डेअरीला दूध घालून घालून नव्या बैलापुरतं साठवलेलं. रब्बीची पेरणी तोंडावर. बैल घ्यावा तर भुईमूग डुकरांचा. नळी घ्यावी तर औताला काय रायफल जुंपायची? माझी झोप उडाली. भाकर गोड लागंना.

मला लिहिण्याचा कंटाळा, खरं सांगायचं तर येतच न्हाई धड. म्हणून घोंगडीवर शेंगा मांडून बजेट केलं. एक शेंग म्हंजी दहा रुपये. एक ढीग नळीचा, एक मजुरीचा, एक दस्त्याच्या लाकडाचा. मांडायचं, काळजीनं एखादी शेंग फोडून तोंडात टाकायची, पुन्हा मोजायचं. दर खेपेला खर्च कमीच! म्हणलं, बसतंय की. दुपारपतुर मजुरीचा अख्खा ढीग पोटात गेला होता. कारभारीण दारातनं बघत उभी.

"अवं, बजेट खाताय तुमी," ती म्हणाली.

तरीबी मी बैलाचं पैसं घेऊन शिरूरला गेलो. भाईंनी रायफल उजेडाला धरली, नळीच्या टोकाशी बोट नेलं.

"आप्पा, हे जरा खरडून बघू का? नळीचं मग ठरवू."

टोकाला दरसालच्या पूजेचा शेंदूर होता. मी गुरकावलो. म्हणलं, देवाचा हाय तो, हात लावायचा न्हाई. आन् बघायचं काय त्यात? आटे झिजल्यात, मी सांगतोय न्हवं? भाईंनी बोट मागं घेतलं. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा न्हाई, ही त्यांची रीत.

नवी नळी बसली. नदीकाठी भोपळा ठेवून गोळी मारली, भोपळ्याच्या चिंधड्या! मी गावभर सांगत सुटलो. जुन्या नळीचा हातभर तुकडा भाईंकडनं कापून मागून आणला होता. म्हणलं, पैसा गेलाय तर लोखंड तरी घरात यावं.

मग आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी नांगर, कोयता, हत्यार सगळं मांडून पुजत्यात आन् तेलात कालवलेला शेंदूर लावत्यात. आता मला सांगा, रायफलीचं कपाळ कुठलं? माझ्या मतानं नळीचं टोक. औंदा आनंद मोठा, म्हणून शेंदूरबी बोटभर थापला.

दसरा झाला आन् दिवेलागणीला डुकरं आली. मी फुशारकी मारलेली, त्यामुळं निम्मं गाव बांधावर. बैल त्या एका गोळीवर लावलेला होता हो! मारली. माती. पुन्हा मारली. पुन्हा माती.

मेहुणा मागनं म्हणाला, "दाजी, पेरणीआधी रान नांगरून घेताय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं शिरूर. भाईंना नाही नाही ते बोललो. ते निवांत ऐकत होते. मग म्हणाले, "आप्पा, आता तरी हात लावू?"

मी मान हलवली. भाईंनी आधी हात कपाळाला लावला, मग तेलाच्या चिंधीनं शेंदूर पुसला. आतनं एक बारका लोखंडी दाणा निघाला.

"ही माशी. मागच्या खाचेतून बघून नेम हिच्या शेंड्यावर धरायचा. तुम्ही धरताय शेंदराच्या शेंड्यावर. शेंडा वर चढला की त्याला खाचेच्या रेषेत आणायला नळी खाली जाते."

"मग जुनी नळी?" मी इचारलं.

भाईंनी माझ्यासाठी चहा मागवला. तवा काय ते समजलो.

त्या साली पेरणीला मेहुण्याचा बैल आणावा लागला. देताना तो म्हणाला, "दाजी, ह्याच्या कपाळाला शेंदूर लावू नगा, मातीत घुसंल."

आन् जुन्या नळीचा तो तुकडा? कारभारणीनं त्याची फुंकणी केली. आजबी चूल पेटवताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणती, "फुंकर कशी नेमकी लागती बघा. नळीत काय बी खोट न्हाई."