विरघळणारी म्हैस

कुठलीही मऊ वस्तू दिसली की मूर्तीवाले आधी तिच्यात अंगठा रुतवत. आंबा, पाव, एकदा तर आमच्या साहेबांच्या खुर्चीची नवी गादीसुद्धा. मग मान हलवून म्हणत, "नाय, अजून नाय." कशाला अजून नाही, ते कधी सांगत नसत.

पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना होता. मी रोह्याकडच्या एका लहानशा बागेच्या कामावर कारकून. बागेत 'पर्यावरण शिल्प' उभारा, असं वरून पत्र आलं. ते म्हणजे काय, हे पत्रात नव्हतं. साहेब म्हणाले, "मूर्तीवाल्यालाच विचार." म्हणून मी त्यांना घेऊन आलो.

आम्हाला वाटलं, सिमेंटचं झाड होईल, त्यावर 'झाडे लावा' लिहिता येईल. त्यांनी वडखळकडून टेम्पोभर खाडीचा चिखल आणला, त्यात पेंढा आणि शेण तुडवलं आणि बसलेली म्हैस केली. खऱ्या म्हशीएवढी. अंगभर नाचणी पेरली. पंधरा दिवसांत म्हैस हिरवीगार!

"यात पर्यावरण कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"हाय की. रोज पाणी घालताय ना?"

उद्घाटनाच्या सकाळी बागेचा माळी धावत आला. जवळच्या वाडीतली खरी म्हैस कुंपण मोडून आत शिरली होती. शिल्पावरची नाचणी तिने साफ केली, पाटाच्या चिखलात लोळून घेतलं आणि शिल्पाला पाठ टेकून बसली. आम्ही ढकललं, शेपूट पिरगाळली. साहेबांनी तर हात जोडले. ती उठेना.

तेवढ्यात काळा चष्मा लावलेले पाहुणे आले आणि त्यांनी सरळ खऱ्या म्हशीला हार घातला. "किती जिवंत!" ते म्हणाले. म्हशीने कान हलवला.

"आत यंत्र आहे का?"

"हो," साहेब म्हणाले.

टाळ्या थांबेपर्यंत यंत्राने हार खाऊन टाकला होता.

पाहुणे जाताच साहेब भडकले. "उद्याच्या उद्या याला सिमेंट मारा!"

मूर्तीवाल्यांचे डोळे भरून आले होते. "साहेब, एवढी बाग पडलीय. ती हिलाच टेकून बसली. सिमेंट नाय लावणार."

"मग पावसात विरघळेल!"

"विरघळू दे."

पावसाळा लागला. कारखान्यात हंगाम ऐन भरात असताना ते मुलावर काम टाकून रोज एसटीने येत आणि छत्री घेऊन बाकावर बसत. मी विचारलं, "दुरुस्तीला आलात?"

"नाय. बघायला." मग छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "चाळीस वर्षं गणपती केले. विसर्जनाला कधी गेलो नाय. घरचासुद्धा पोरंच न्यायची. मला बघवायचं नाय."

आधी शिंगं गेली, मग कान. तोंड वाहू लागलं त्या दिवशी ते उठले. तिच्या कपाळावर छत्री धरून थोडा वेळ भिजत उभे राहिले. मग छत्री काढून घेतली आणि परत येऊन बसले. शेवटपर्यंत बघत होते.

पुढच्या वर्षी ते वारल्याचं कळलं. काही दिवसांनी त्यांची बायको बागेत आली. "म्हस कुठं होती ओ?" तिने विचारलं. मी गवतातला उंचवटा दाखवला. तिने चपला काढल्या, खाली बसली आणि त्यावरून हळूहळू हात फिरवला. एका जागी हात थांबला.

"पोट मोठं दिसतंय. गाभण केली होती काय त्यांनी?"

मी त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.