चोकशी वैर

समस्त पिंप्राळावासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की यंत्रांविषयीचं अज्ञान इतक्या ऐटीत मिरवणारा माणूस आमच्या शेजाऱ्यांखेरीज अख्ख्या जळगावात दुसरा नाही. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांच्याकडे एक जुनी गिअरची स्कूटर आहे आणि जगातल्या प्रत्येक विषयावर एक मत आहे. दोन्ही सारखाच धूर सोडतात.

नानांचा चोकवर राग. आता, गार पडलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चोक ओढला की हवा अडते, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन चालू होतं. तापलं की चोक परत आत सारायचा. संपलं शास्त्र! पण नानांना हे सांगायला जावं, तर ते चिडून थेट खान्देशीत उतरतात, "हाई इंजिन शे भाऊ, तान्हं पोर नही, बाटली पाजाले!" त्यांची स्वतःची रीत अशी: आधी स्कूटर कुशीवर कलती करायची, तिच्या पोटातली गुडगुड वैद्याच्या चेहऱ्याने ऐकायची, उभी करून सीटवर दोनदा थोपटायचं आणि मग किक. संताप याचा, की हिवाळाभर ती चालूही व्हायची! मग नाना माझ्या गॅलरीकडे असं बघत, जणू पेट्रोलचा शोध त्यांच्याच घराण्यात लागला.

यंदा जानेवारीत त्यांच्या नातवाचं बारसं धुळ्याला होतं. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, आदल्या दिवशीच लेकीकडे गेल्या. नाना मागे राहिले, कारण पेन्शनरांच्या सभेत त्यांना भाषण ठोकायचं होतं. सकाळी सहाची बस मिळाली तरच मुहूर्त गाठणार, आणि साडेपाचला अंगणात ही स्कूटर ढिम्म. तीसेक किका झाल्या. नाना घामाघूम.

"रिक्षा बोलावतो," मी गॅलरीतून खाली येऊन म्हणालो.

"स्वतःची गाडी असताना? लोक काय म्हणतील!"

मी चोककडे हात नेला, तर फटकन चापट बसली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नानांना धाप लागलेली, म्हणून मीच घेतला आणि स्पीकर लावला.

"भाऊ, निघाले का हे?" अक्कांचा आवाज.

"गाडी चालू होत नाही, अक्का. आणि चोकला हात लावू देत नाहीत."

"अहो, त्यांना मफलर आणायला आत पाठवा आणि गुपचूप ओढून घ्या! चालू झाली की हळूच आत सारा. मी तर रोज तेच करते."

मी नानांकडे न बघता चोक ओढला. त्यांनी मुकाट्याने किक मारली. पहिल्याच किकेला इंजिन फुरफुरलं. बसला अजून वेळ होता. चांगला घसघशीत टोमणा मारायची संधी होती, पण नाना हँडल धरून नुसतेच उभे होते, उघडे कान गारठ्याने लालबुंद झालेले. मी फोनच त्यांच्यापुढे धरला. मग ते एकदम फोनवर ओरडले,

"आणि मी इतकी वर्षं समजत होतो, तुला माझ्या कानांची काळजी आहे!"