नळीची उडी

मंगळवार होता. सावेडीच्या घरी मी मेथी निवडत बसलो होतो. वैशालीचा फोन आला. "सर, जर्नलनं पेपर स्वीकारला!" मेथी तशीच टाकून स्कूटर काढली. कॉलेजात पोचलो तर सगळे एकदम जुने किस्से सांगत होते. प्रयोगशाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलावरच्या चहाच्या डागांसारखे ते आपोआप राहतात.

पेपर माझ्या बायकोचा, सुनंदाचा. ती जाऊन वर्ष होईल आता. वैशाली तिची पीएचडीची विद्यार्थिनी, शेवगावची. मीही त्यांच्याच फिजिक्स विभागात. दोघींना वेड एकच: केसाहून हजारो पटींनी बारीक अशी कार्बनची नळी. तिच्यातून करंट सोडला की आलेखात नुसती खरखर दिसते आणि मधेच रेझिस्टन्स एकदम उडी मारतो. ही उडी नळीची, की बाहेरून घुसलेली? वैशालीची पीएचडी तिथंच अडली होती.

*

पहिली उडी दिसली तेव्हा वैशाली ओरडली, "मॅडम, लई भारी!" वर, खाली. वर, खाली. पेढे आले. सुनंदा हातातला पेढा तसाच धरून म्हणाली, "इतक्या शिस्तीत?"

शेजारी केमिस्ट्रीचा फ्रिज त्याच तालात चालू-बंद होत होता! पेढे केमिस्ट्रीवाल्यांनीच संपवले.

*

मग नियम झाला. मोजताना फोन बाहेर, पंखा बंद, हालचाल बंद. त्यात एप्रिल! प्राचार्य राउंडला आले, तर आम्ही तिघं घामाघूम, डोळे मिटून बसलेलो. "चालू द्या ध्यान," असं हळूच म्हणून ते पाय न वाजवता निघून गेले.

*

वैशालीचे वडील भाकरी घेऊन आले. पडद्यावरची खरखर बघून म्हणाले, "येवढं शिकलीस पोरी, अजून टीव्ही नीट लागंना व्हय?"

सुनंदा इतकी हसली की ते मोजमाप वाया गेलं!

*

खरी उडी आली तेव्हा सुनंदा अंथरुणाला खिळली होती. वैशाली लॅपटॉप घेऊन घरी धावत आली. उडी कधीही येत होती, कसलाच ताल नाही. बाहेरचं सगळं बंद ठेवलेलं. सुनंदा उठून बसली. "ही नळीचीच! अगं, नळीचीच!" मग माझ्याकडे वळली. "अहो, आता करंट उलटा देऊन बघा. जुन्या जागी परत येते का?"

"मॅडम, जळली तर? आपल्याकडं दुसरी न्हाई."

"जळू दे. कळेल तरी!"

पेपर त्याच उडीवर. नळी प्रयोगशाळेत आहे, तिनं बसवली होती तशीच. करंट उलटा देऊन बघायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.