लिफ्टवाल्याची कुंडलिनी

माझा भाचा लिफ्टवाला आहे. लिफ्टवाला म्हटलं की आत स्टुलावर बसून बटणं दाबणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हे. हा लिफ्टच्या टपावर उभा राहून, दोराला कान लावून, ती कुठे कुरकुरते ते ओळखणारा. बावीस वर्षं झाली या कामाला. कंपनीत त्याला कोणी नावानं हाक मारत नाही, सगळे ‘खातरजमा’ म्हणतात. एकदा नव्या कारकुनानं हजेरीच्या कागदावरही तेच लिहिलं आणि यानं त्यापुढे निमूट सही केली. अर्थात कागद तीनदा वाचून.

हे नाव पडलं त्याला दोन वर्षं होतील. एका इमारतीची लिफ्ट यानं सकाळी तपासली, कार्डावर सही केली, आणि दुपारी ती तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत एक म्हाताऱ्या बाई. दोष लिफ्टचा नव्हताच, इमारतीची वीज गेली होती, हे नंतर सगळ्यांनी मान्यही केलं. पण चाळीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्या बाई रागावल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्यांनी पदरानं घाम पुसला, भिंतीवरचं कार्ड पाहिलं आणि याला अगदी मायेनं विचारलं, “सकाळी सही तूच केलीस ना रे?”

बस, तेवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर पोरगं सुटलं असतं.

तेव्हापासून याला काम संपवता येईना. सही करायची, जिन्यानं खाली यायचं, रस्ता ओलांडायचा की पाय मागे वळलेच. ब्रेक बघितला होता ना? दार नीट लागत होतं ना? परत जायचं, बघायचं, सगळं ठीक असायचं. मग बसस्टॉपवरून परत. मग घराच्या उंबऱ्यातून परत. याची बायको, आमची सूनबाई, ताटं मांडत असायची आणि हा एक चप्पल काढून, दुसरी पायातच ठेवून म्हणायचा, “आलोच.” ती बिचारी मला म्हणाली, “मामा, दोन वर्षांत मी यांचा चेहरा कमी आणि पाठच जास्त पाहिलीय.”

गंमत म्हणजे याच्या तपासण्यांनी लोक घाबरायला लागले. मेकॅनिक दिवसात चार-चारदा येऊन दोर बघतो म्हणजे दोराचं काही खरं नाही, असं एका सहा मजली इमारतीनं ठरवलं आणि सगळे जिन्यानं चढू लागले. वरच्या मजल्यावरचे एक वकील रोज धापा टाकत कंपनीला फोन करायचे. शेवटी साहेबांनी याला बोलावलं. म्हणाले, “तुझ्यासारखा कान कंपनीत कोणाला नाही. पण सही केल्यावर माणसानं निघायचं असतं. दोन महिने देतो. त्यानंतर वॉचमनचा एक जरी फोन आला, की तू परत आलास, तर दुसऱ्या दिवसापासून स्टोअरला.”

स्टोअर म्हणजे नट-बोल्टांच्या खोलीत दिवसभर बसायचं. हा तिथे बसला असता तर तेच नट उलटे-सुलटे मोजत म्हातारा झाला असता.

मी तेव्हा सहा महिन्यांपासून कुंडलिनी योगाला जात होतो. म्हणजे गेलो होतो कंबरेसाठी आणि टिकलो होतो शवासनासाठी. वर्ग घ्यायच्या त्या बाई रिटायर झालेल्या नर्स. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचो. शाळेतला वरचा एक वर्ग त्यांना सकाळी सहा ते सात मिळायचा. बाकं भिंतीला सरकवायची, सतरंज्या टाकायच्या, फळ्यावर कालची गणितं तशीच. मी भाच्याला म्हटलं, “चल. मन शांत होतं.” तो म्हणाला, “मामा, तुम्ही तिथं घोरता असं ऐकलं.” मी म्हटलं, “मग? अशांत माणूस घोरतो का?”

पहिल्या दिवशी सिस्टरनी नेहमीसारखं समजावलं. कण्याच्या तळाशी साडेतीन वेढे घालून शक्ती निजलेली आहे. श्वासानं, बंधांनी ती जागी करायची आणि एकेका चक्रातून वर, डोक्यापर्यंत न्यायची. सगळे डोळे मिटून ऐकत होते. खातरजमानं हात वर केला.

“वर जाते ते कळलं. पण मध्येच सुटली तर धरायला खाली काय आहे?”

“आधी हलू तर द्या तिला,” सिस्टर म्हणाल्या.

पण तो मन लावून करायला लागला, हे खरं. मांडी घालून कणा पुढे-मागे, मग नाकानं भराभर भाता चालवल्यासारखा श्वास, मग श्वास धरून तळाचे स्नायू आत ओढायचे, ज्याला मूलबंध म्हणतात. सगळं बरोबर. फक्त डोळे मिटेनात. आम्ही मिटले की हा एक उघडायचा. तीन आठवड्यांनी सिस्टरना याच्या सतरंजीखाली एक वही सापडली. कामावरची असते तसली, रकाने आखलेली. सिस्टरनी ती माझ्या हातात दिली. मी वाचलं:

‘मूलाधार: ठीक. स्वाधिष्ठान: किंचित घरघर. मणिपूर: भूक लागली होती, निर्णय राखून. अनाहत: ठोके नियमित. विशुद्ध: खोकला. आज्ञा: काही जाणवलं नाही, पुन्हा बघणे. सहस्रार: पोचलो नाही.’

आणि खाली सही. रोजची. एके दिवशी तर तीन सह्या.

मला हसू आवरेना. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी याला बाकावर बसवलं आणि विचारलं, “तापाच्या पेशंटला मी दर दहा मिनिटांनी उठवून ताप मोजला तर काय होईल?”

“ताप कळेल.”

“आणि पेशंट?”

हा माझ्या हातातल्या वहीकडे बघायला लागला.

“झोपायचाच नाही तो. मी नवी होते तेव्हा असं केलंय. वॉर्डातल्या मोठ्या बाईंनी माझ्या हातातून थर्मामीटर काढून घेतला होता.” त्यांनी माझ्याकडून वही घेतली आणि मिटून कपाटात ठेवली. “आता असं करायचं. बघून यावंसं वाटलं की उठायचं नाही. श्वास घ्यायचा, बंध लावायचा, आणि ती ओढ अंगात कुठे लागते तेवढं ओळखायचं. तिला घालवायला जाऊ नका. काय करते ते करू द्या.”

“किती वेळ?”

“अकरा मिनिटं.”

“आणि तेवढ्यात नाही गेली तर?”

“मग बाराव्या मिनिटाला ती असेल आणि तुम्हीही असाल.”

पुढचे दिवस मला आठवतात ते त्याच्या गुडघ्यामुळे. सगळा वर्ग स्थिर आणि याचा डावा गुडघा शिलाई मशीनसारखा खालीवर. कपाळावर घाम. वर्ग सुटल्यावर मी विचारायचो, “कुठे लागली?” तो म्हणायचा, “पोटात.” दुसऱ्या दिवशी, “छातीत.” एकदा म्हणाला, “मामा, माझ्या हातात पाना द्या आणि मला टपावर चढवा, पण हे बसायला सांगू नका.” तरी सकाळी सहाला सतरंजी टाकायला पहिला तोच. कामावरून मात्र परत फिरणं चालूच होतं. वॉचमन लोक चांगले, म्हणून फोन होत नव्हते.

साहेबांचे दोन महिने संपून दोन दिवस झाले होते. त्या दिवशी त्याच्याकडे एका प्रसूतिगृहाची लिफ्ट होती, चार मजल्यांची, वर्षाची मोठी तपासणी. काम संपल्यावर तो मला चष्म्याच्या डॉक्टरकडे नेणार होता, म्हणून मी चारच्या सुमारास तिथल्या फाटकापाशी जाऊन बसलो. तिथला वॉचमन नियमाचा पक्का. मला म्हणाला, “आजोबा, साहेबांचा निरोप आहे. हे परत आले तर मला फोन करायलाच लागणार. मला वाईट वाटेल, पण करणार.”

साडेचारला भाचा बाहेर आला. सही झाली होती. आम्ही रस्ता ओलांडला, बसस्टॉपवर उभे राहिलो. बस दिसली आणि याचा हात माझ्या हातातून सुटला.

“मामा, वरच्या मजल्यावर दार जरा उशिरा लागतं का?”

“तू बघितलंस ना?”

“बघितलं. पण तिथं बाळं असतात.”

बस गेली. तो फुटपाथच्या कडेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. समोर फाटकात वॉचमन उठून उभा राहिलेला मला दिसत होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याला जायला कारण मिळालं असतं.

मग तो स्टॉपच्या बाकावर बसला. बूट काढले, मांडी घातली, डोळे मिटले आणि भाता सुरू केला. भर रस्त्यात, नाकातून फुस्स फुस्स. लोक थोडे सरकून उभे राहिले. पिशव्या घेतलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, “यांना बरं नाहीये का?”

मी म्हटलं, “बरं वाटायचंच चाललंय.”

“पाणी देऊ?”

“नको. वर चढू द्या.”

त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्या शेजारी बसून राहिल्या. दुसरी बस गेली. याचा गुडघा थडथडत होता, बोटं पँट मुठीत धरून होती. मध्येच त्याचे पाय बूट शोधायला लागले, बुटाला लागले, परत वर आले. अकरा मिनिटं झाली असतील, चौदा झाली असतील. माझ्या घड्याळाकडे माझं लक्षच नव्हतं.

त्यानं डोळे उघडले. चेहरा ओलाचिंब. गळ्यावर हात ठेवून म्हणाला, “इथं आहे.”

“अजून आहे?”

“आहे ना.”

“मग?”

तो समोरच्या इमारतीकडे बघत राहिला. तिसरी बस आली. तो उठला, बूट हातातच घेऊन चढला आणि मला वर ओढून घेतलं. चष्म्याच्या डॉक्टरचा त्याला विसर पडला होता. मीही आठवण केली नाही. बसमध्ये तो बसला नाही, दांडी धरून उभा, आणि प्रत्येक स्टॉपला दाराकडे एक पाऊल टाकून परत मागे घ्यायचा. आमचा स्टॉप येईपर्यंत मी सात पावलं मोजली.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. सूनबाईनं दार उघडलं आणि घाबरलीच. “इतक्या लवकर? स्टोअरला टाकलं का?”

“नाही,” तो म्हणाला. त्यानं दोन्ही बूट कोपऱ्यात ठेवले.

“मग बसा. मी वाढते पटकन.”

“बसतो,” म्हणाला आणि फिरायला लागला. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, तिथून परत खिडकीपर्यंत. मध्येच गळ्याला हात लावायचा. फोन वाजतो का म्हणून एकदा थांबला. वाजला नाही. पुन्हा फिरायला लागला. मला राहवेना, मी म्हटलं, “अरे टेक की जरा.”

सूनबाईनं आतून मला डोळ्यांनीच गप्प केलं. ताटात भात वाढता वाढता हळू म्हणाली, “फिरू द्या मामा. घरातच फिरतायत ना.”