दोन गाण्यांच्या मधले गणित

श्रीमती मंदाकिनी चुरी यांची आणि माझी पहिली भेट अंधारात झाली. वेळ सकाळी अकराची, पण तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या त्या जिल्हा परिषद शाळेच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला होता, कारण त्या दिवशी शाळा डिजिटल होणार होती. साल २०१५. गावोगाव शाळा डिजिटल होत होत्या आणि आमच्या दैनिकाचा डहाणू-तलासरीचा वार्ताहर या नात्याने मी एकामागून एक उद्घाटने पाहत होतो. प्रमुख पाहुण्यांनी प्रोजेक्टरचे बटण दाबले आणि वीज गेली.

पाहुणे अनुभवी होते. त्यांनी त्याच अंधारात एकविसाव्या शतकावर बोलायला सुरुवात केली. मीही मनात एक खवचट मथळा जुळवायला घेतला. तेवढ्यात मागून एक शांत आवाज आला, "सुमन, खिचडीचं पातेलं घासून झालं का गं? आण इकडे."

बाईंनी आपला मोबाईल चालू केला आणि त्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला. पातेल्यातून आवाज घुमू लागला. आदल्या आठवड्यात त्यांनी तो फोन मुलांबरोबर घरोघर पाठवला होता आणि घरातला एकेक आवाज टिपून आणायला सांगितले होते. आता वर्गाने ओळखायचे.

"हा आमचा रेडा!"

"नाय रं, हा तुझा आजा घोरतोय!"

खिडक्यांचे काळे कागद मुलांनी केव्हा ओरबाडले ते कळलेच नाही. पाहुण्यांनी शतक अर्ध्यावर सोडले, खाली बसकण मारली आणि जात्याच्या घरघरीला मोटारसायकल म्हणून नापास झाले. मी मथळा बदलला. गेल्या चार वर्षांत तो मला अनेकदा बदलावा लागला आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

खरे तर गौरवग्रंथ साठीला काढायचा प्रघात. आमच्या समितीत यावर वादही झाला. पण सरकार शिक्षकांना अठ्ठावन्नाव्या वर्षीच घरी पाठवते आणि बाईंचे माजी विद्यार्थी आणखी दोन वर्षे दम धरायला तयार नाहीत. तेव्हा हा ग्रंथ साठीच्या अलीकडचा, उतावळ्या माणसांनी काढलेला आहे. माझा लेख त्याला शोभेल.

वाचकांचा एक गैरसमज आधीच दूर करतो. बाई तंत्रज्ञानात निष्णात आहेत असे कोणी समजू नये. आजही त्या फोनवर बोलताना तो बशीसारखा आडवा धरतात. मला त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांपैकी निम्मी त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याची आहेत. फोनमध्ये काही अडले की त्या बेधडक तिसरीतल्या मुलांना विचारतात आणि मुले विलक्षण आनंदाने त्यांना शिकवतात. मी एकदा विचारले, "बाई, यात तुम्हाला संकोच नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "अहो, वर्गात कुणाला तरी शिकवायला मिळालं की ते पोर दुसऱ्या दिवशी न चुकता हजर असतं. तेवढ्यासाठी मी अजून बरंच विसरायला तयार आहे."

त्यांच्या फोनमध्ये जागा कायम संपलेली असते. मुलांचे आवाज, मुलांनी बोलून ठेवलेल्या गोष्टी, बियाणे उगवताना रोज एक असे काढलेले फोटो. बाईंच्या कन्या मला एकदा हसत म्हणाल्या, "काका, आईच्या फोनमध्ये माझ्या लग्नाला जागा नाही. पेन ड्राइव्हमध्ये घालून मला परत केलंय!" बाईंचे त्यावर म्हणणे असे की लग्न एकदा झाले की झाले, मुगाला मात्र रोज नवे पान येते.

पण मला सांगायचे आहे ते मेमरी कार्डाचे प्रकरण.

दिवाळी झाली, भात झोडून झाले की आमच्याकडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्याबरोबर. शाळेचा पट कागदावर भरलेला राहतो, वर्गात ओसरतो. उन्हाळ्याच्या शेवटी मुले परततात तेव्हा अक्षरे विसरलेली असतात आणि विसरल्याची लाज मात्र लक्षात असते. मग ती येईनाशी होतात. बाईंच्या मनाला लागलेले दुःख हे एवढेच होते आणि प्रोजेक्टरपाशी त्यावर उपाय नव्हता.

उपाय त्यांना तलासरी नाक्यावर दिसला. भट्टीवर जाण्याआधी प्रत्येक घरातला माणूस तिथल्या मोबाईलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डात हंगामभर पुरतील इतकी गाणी भरून घेतो. लग्नाची गाणी, तारपा वाद्यावरच्या नाचाची गाणी, गुजराती डीजे. बाई थेट दुकानदार जिगरभाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "गाण्यांबरोबर आमचे धडेही भराल का?"

जिगरभाई चकित. "बेन, गाणा छोडीने पाढा कोण सांभळशे?"

"गाणी सोडून पाढे कोण ऐकणार ते मी बघते. तुम्ही भरा."

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१६ च्या दिवाळीनंतर, बाईंनी स्वतःच्या स्वच्छ, सुस्पष्ट, पुस्तकी आवाजात सगळे धडे भरून दिले. माझे शालेय शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाल्याचे त्यांना कळले होते, म्हणून माझ्याकडून एक सुभाषितही म्हणवून घेतले. मी ते सुरात म्हटले असा माझा समज आहे. मुले भट्टीवरून परतल्यावर कळले की कार्डे भरली की माणसे जागा करायला एकेक धडा काढून टाकत होती. सर्वांत आधी काय काढले गेले, ते सांगून मी स्वतःची शोभा वाढवत नाही. आमच्या पाठशाळेत विद्येच्या तीन पायऱ्या शिकवत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. डिलीट ही चौथी मला पाड्याने शिकवली.

दुसरे कोणी असते तर लोकांच्या अनास्थेवर एखादा लेख लिहिते. मी लिहायलाही घेतला होता. बाई म्हणाल्या, "लोकांचं काय चुकलं? कंटाळवाणं होतं. मीसुद्धा काढून टाकलं असतं." आणि पुढच्या वर्षी त्यांनी फोन मुलांच्या हातात दिला. गणिते मुलांनीच रचायची, आपल्याच बोलीत, आपल्याच पाड्यावरच्या माणसांची, आणि दोन गाण्यांच्या मध्ये एकेक गणित घालायचे. त्यातले पहिलेच गणित अजून तालुक्यात प्रसिद्ध आहे: "लक्ष्याकाका नऊ कोंबडे घेऊन बाजारात निघाला. वाटेत चार पळाले. दोन घावले. तर काकाकडे कोंबडे किती, आणि घरी आल्यावर काकी त्याला काय बोलली?"

हे गणित रचले होते चौथीतल्या संगीताने. पोरीचा आवाज खणखणीत, आणि पाड्यावर कोणाच्या घरात काय चालले आहे याची माहिती मला वार्ताहर म्हणून हेवा वाटावा अशी. पण तिच्या वडिलांनी, रामजीने, दिवाळीतच सांगून टाकले होते, "चौथीत आली, बस झालं. पोर आता भट्टीवर धाकट्याला बघंल." संगीताला आजीकडे पाड्यावर ठेवावे म्हणून बाई त्यांच्या घरी किती वेळा गेल्या ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. संगीता गेली. बरोबर कार्ड गेले. शाळेतली सर्वांत चांगली गणिते रचणारी मुलगी परत येणार की नाही, हे त्या हंगामात कोणालाच ठाऊक नव्हते.

होळीला माणसे चार दिवस घरी येतात. रामजीचे कुटुंब आले नाही. आला तो लक्ष्याकाका, आणि आला तो तडक शाळेत. मी तेव्हा तिथेच होतो.

"बाय, माझं नाव कसाला खराब केलंस? चार कोंबडं नाय पळालं. तीन पळालं!"

बाई गंभीर झाल्या. "मग उत्तर बदलेल, काका."

"बदलू दे! भट्टीवर सगली मला कोंबडंवाला बोलतात. रोज संध्याकाळी कार्ड लावायचं, आन् तेच गणित आलं का सगली खिदळतात. त्या रामज्याची पोर तर रेडिओच चालवते तिथं. पोरांना गोल करून बसवते, आन् आपल्या मनानं नवी नवी गणितं घालते."

बाई उठून उभ्या राहिल्या. "कोण? संगीता?"

"मग कोण! पण पयलं माझं तीन कर."

तीन करण्यात आले, तिथल्या तिथे, दुसरीतल्या एका पोराच्या आवाजात. "आणि काकी बोलल्या, त्याचं काय?" बाईंनी विचारले. लक्ष्याकाका दाराकडे वळला. "ते बरोबर हाय. ते राहू दे."

पुढच्याच रविवारी बाईंनी मला एस.टी.त बसवले. कोठे जायचे ते विचारण्याची सोय नव्हती. दोन गाड्या बदलून, उरलेली वाट उन्हात चालून आम्ही भिवंडीकडच्या त्या भट्टीवर पोचलो तेव्हा काम नुकतेच उरकले होते. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये पोरे गोल करून बसली होती. फोन एका डब्यात उभा होता. पातेल्याची युक्ती पाड्यावरून इथवर चालत आली होती. गाणे संपले तशी संगीताने फोन बंद केला आणि दुसऱ्या गावांतून आलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलांना कोंबड्यांचे एक नवेच गणित घालू लागली: दहा कोंबडे, चार विकले, तर उरले किती? मोठी माणसेही पाय पसरून ऐकत होती. एक जण चुकला तर त्याची बायको म्हणाली, "तुला वीट मोजाया येते, कोंबडा नाय येत?"

बाईंच्या हाताने माझी बाही इतकी घट्ट धरली होती की मला वाटले, आता त्या रडणार. त्या रडल्या नाहीत. हात वर करून मोठ्याने म्हणाल्या, "सहा!"

संगीताने वळून पाहिले आणि किंचाळत धावत आली. "बाय, बरोबर हाय! पण तू मधीच नाय बोलायचं!"

रामजी चिलीम बाजूला ठेवून उठला. आमच्या पाड्यांवर आदर 'तुम्ही'त नसतो, बसायला काय दिले त्यात असतो. त्याने बाईंना स्वतःची खाट दिली, मला एक वीट दिली.

"हिला न्यायला आलो," बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "परीक्षेपुरती नाही. पुढे पाचवीलासुद्धा."

"धाकट्याला कोण बघंल?"

"मी बांधीन पाठीशी," चुलीपाशी बसलेली त्याची बायको मान वर न करता म्हणाली. "जाऊ दे तिला."

रामजीने चिलीम पुन्हा हातात घेतली. मला तर वाटले, आटोपले. मग त्याने विचारले, "पाचवीत पण गणितं असतात?"

"असतात. मोठी असतात."

"मग एक काम कर, बाय. त्यात माझं नाव घाल. लक्ष्याचं नाव सगळ्या भट्ट्यांवर गेलं. पोर माझी, आन् माझं नाव एका गणितात नाय." आणि मग, जरा दरडावून, "पण माझं काय पळवायचं नाय."

परतीच्या गाडीत संगीता आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. बाई आणि ती डहाणू येईपर्यंत वाद घालत होत्या. बाईंचा आग्रह भागाकाराचा, कारण चौथीला भागाकारात अडते. संगीता ऐकेना. "भागाकार नको. बाबाला वाटून देणं आवडत नाय. गुणाकार घाल, तो खूश होईल." अखेर गुणाकारच ठरला. आयुष्यभर मी सभा, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांच्या बातम्या दिल्या. त्या दिवसाइतकी थरारक बातमी माझ्याकडे नव्हती, आणि ती छापायला बाईंनी मला मनाई केली. "छापलंत तर रामजी लाजेल. मग पुढचे बाप ऐकायचे नाहीत." आज या ग्रंथासाठी त्यांनी नव्हे, रामजीने परवानगी दिली आहे. नाव नीट छापा, एवढीच त्याची अट.

त्यानंतरच्या हंगामात आणखी मुले आजी-आजोबांकडे राहिली. संगीता आता सहावीत आहे. शाळेला सुट्टी असली की लहान मुलांच्या गणितांचे संपादन तीच करते, आणि माझ्या पाहण्यातल्या कित्येक संपादकांपेक्षा कडक करते.

बाईंनी मागच्या महिन्यात मला बजावले आहे की निवृत्ती म्हणजे त्यांना फक्त हजेरीतून सुटका. दिवाळी झाली की आता त्या भट्ट्यांवर फिरणार आहेत. डॉक्टरांनी गुडघ्यांविषयी जे सांगितले ते त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि, पाड्याच्या पद्धतीने, काढून टाकले. त्यांच्यापुढे ना आमच्या समितीचे काही चालते, ना माझे.

तेव्हा शुभेच्छांचे काम तेवढे उरते. आम्हा संस्कृतवाल्यांकडे दीर्घायुष्य मागायचे तर शंभर शरद ऋतू मागतात. पण शरदात आमचे पाडे भरलेले असतात, मुले वर्गात असतात. बाईंची खरी गरज लागते ती त्याच्या पुढच्या ऋतूत, बिऱ्हाडे बांधून माणसे निघतात तेव्हा. म्हणून मी त्यांच्यासाठी शंभर हेमंत मागतो. त्यातल्या प्रत्येकात त्यांचे गुडघे त्यांचे ऐकोत. दर हेमंतात पाड्यावरून निघणारी मुले एकेकाने कमी होवोत. आणि एक हेमंत असा उजाडो की बाई एस.टी.त बसायला तयार होऊन उभ्या आहेत, आणि आणायला जावे असे एकही पोर कुठल्याच भट्टीवर उरलेले नाही.